परवलीच्या शब्दाची कैफियत

मनुष्य स्वभावतःच निष्काळजी आहे, असे संगणकशास्त्री मोठ्या अधिकारवाणीने सांगतात. माझे निरीक्षण असे की, त्या दुर्गुणाचे रीतसर शिक्षण त्याला संगणकाकडूनच मिळते. आमचे हेडक्लार्क म्हणजे तिजोरीची किल्ली जानव्याला बांधून निजणारे सद्गृहस्थ. परंतु परवलीचा शब्द दरमहा नवा असावा, त्यात एक मोठे रोमन अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावे आणि तो मागील शब्दांपैकी कोणाचाही सगोत्र नसावा, असे फर्मान कचेरीच्या संगणकाने काढल्यापासून त्यांनी कीबोर्डाच्या पोटाशी एक चिठ्ठी चिकटवली असून, तिचे अस्तित्व शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक असल्यामुळे, ते रजेवर असतानाही त्यांच्या नावचे कामकाज बिनबोभाट चालते. तरुण कारकुनांनी चिठ्ठीचाही खर्च वाचवला आहे: चैत्रातला ‘Ganpati@1’ वैशाखात ‘Ganpati@2’ होतो, आणि संगणक त्याला कोणी परका पाहुणा समजून सन्मानाने आत घेतो.

या जुलमाचा मूळ दस्तऐवज अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत बिल बर या अधिकाऱ्याने 2003 च्या सुमारास लिहिला. पुढे 2017 साली, सेवानिवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुली त्यांनी एका वृत्तपत्राला दिली. आणि त्याच वर्षी संस्थेनेही, ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती नको, असे जाहीर केले. फर्मान आमच्या कचेरीत सत्वर पोहोचले होते. ते रद्द झाल्याची नोंद मात्र बारनिशीत अद्याप झालेली नाही.

दोष अडाण्यांचा म्हणावा, तर 1999 साली अल्मा व्हिटन व जे. डी. टायगर यांनी 12 सुशिक्षित माणसांपुढे पत्रे सांकेतिक करणारा ‘पीजीपी’ हा प्रोग्रॅम ठेवून दीड तासाची मुदत दिली. त्यांतील एक-तृतीयांशांनाच पत्रावर धड सही करून ते कुलूपबंद करता आले, आणि तिघांनी तर गुपित उघड्यावरच रवाना केले. (शत्रूचा हेर पोसण्याचा खर्च तेवढा वाचला.) 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने वरचेवर परवानगी मागण्याचा असा सपाटा लावला की, लोक प्रश्न न वाचताच होकाराचे बटण दाबू लागले. ज्या घरात आजोबा प्रत्येक पावलाला ‘कोण आहे?’ म्हणून विचारतात, त्या घरात ‘मी’ एवढे उत्तर चोरालाही पुरते.

वास्तविक 1883 मध्येच ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपीसाठी सहा अटी घालताना, ती वापरणाऱ्याच्या डोक्याला ताण देणारी वा लांबलचक नियमावली ध्यानात ठेवायला लावणारी नसावी, असे बजावले होते. माथ्यावरून तोफगोळे जात असताना सैनिकाला जेवढी सवड मिळे, तेवढीच आमच्या हेडक्लार्कांना मार्चअखेरीस मिळते.

यावर वरिष्ठ कचेरीने उपाय योजला आहे. आम्हां सर्वांसाठी सुरक्षाजागृतीचा वर्ग भरणार असून, हजेरी नोंदवण्याकरिता प्रत्येकास परवलीचा एक स्वतंत्र शब्द मिळेल. तो वर्ग सुरू होण्यापूर्वी बदलून घ्यावा, अशी सक्त ताकीद आहे.