आपल्या टेम्पोच्या विम्याबद्दल आभार

प्रति,
आमच्या स्विमिंग पूलचे सन्माननीय कंत्राटदार साहेब,


पत्रास कारण की, आपल्या एजन्सीने सोसायटीला दिलेला विम्याचा कागद वाचण्याचे भाग्य मला नुकतेच लाभले. मी कमिटीत नाही, बाणेरमधल्या एका सोसायटीचा साधा सभासद आहे. पण सभासदाला फाइल पाहायला मागता येते, आणि ती मागितल्यावर सेक्रेटरींच्या कपाळावर चढणारी आठी हा पुण्यात फुकट मिळणाऱ्या मोजक्या आनंदांपैकी एक आहे.

कागद अगदी रीतसर. विमा कंपनीचा शिक्का, हप्त्याची रक्कम, मुदत, सगळे जागच्या जागी. फक्त विमा उतरवला होता तो आपल्या टेम्पोचा. 'थर्ड पार्टी' हे शब्द त्यावर ठळक छापलेले होते आणि कमिटीची नजर तिथेच तृप्त झाली असावी. आपल्या टेम्पोने रस्त्यावर कोणाला उडवले तर त्याची सोय आहे, हे वाचून आम्हा पोहणाऱ्यांच्या जिवात जीव आला.

आपल्या काटकसरीपुढे तर हात जोडावेत. आलेल्या तीन कोटेशन्समध्ये आपले सर्वांत खाली. उरलेल्या दोघांनी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (बाहेरच्या कोणाला इजा झाली तर) आणि कामगार भरपाईची पॉलिसी यांचा खर्च दरात धरला होता. बिचाऱ्यांना धंदा कळत नाही. आपण त्या दोन ओळी गाळल्यात आणि कंत्राट खिशात घातलेत. सभेत टाळ्या पडल्या. मेंटेनन्स वाढणार नाही म्हटले की आमच्याकडे कशालाही टाळ्या पडतात.

आपण पाठवता तो मुलगाही गुणी. भल्या सकाळी येतो, जाळीने पाने काढतो, भिंतींना ब्रश मारतो, व्हॅक्यूम करतो, फिल्टरला बॅकवॉश देतो. मग पाण्याची तपासणी. नळीत पाणी घेऊन एका बाजूला क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि पिवळेपणा बघायचा. दुसऱ्या बाजूला पीएचचे थेंब, तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. आपल्या किटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे रंग कोणताही आला तरी वहीत रोज ७.४ पडतात. आयुष्यात एवढे स्थैर्य आम्हाला कुठेच मिळालेले नाही. ॲसिड मोजायला कापलेली पाण्याची बाटली, हातमोज्यांच्या जागी कॅरीबॅग, मास्कच्या जागी रुमाल. साधी राहणी म्हणतात ती हीच, फक्त ती दुसऱ्याच्या अंगावर आहे.

मे महिन्यातला प्रसंग आपल्यापर्यंत नीट पोहोचला नसावा, कारण आपला फोन दिवसभर बंद होता. ज्या बादलीत हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, उरले होते तिच्यातच त्या मुलाने ॲसिड ओतले. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो आणि आमची पंपरूम आहे जमिनीखाली, त्यामुळे तो वर येण्याची तसदी न घेता तिथेच बसून राहतो. मुलगा डोळे चोळत, खोकत जिना चढला आणि वॉचमनच्या खुर्चीपाशी कोसळला. दवाखान्याचे बिल सोसायटीने 'किरकोळ खर्च' या खात्यात टाकले. आपण त्याचे खाडे धरलेत आणि दुसऱ्याच दिवशी बिनबोभाट नवा मुलगा पाठवलात. सेवेत खंड पडू न देण्याची ही तळमळ पाहून अगदी भरून आले.

मी रिकामटेकडा माणूस, त्यामुळे घरी हिशोब मांडत बसलो. तो मुलगा वर आलाच नसता तर? कामावर मृत्यू आल्यास भरपाई किती, याचे सूत्र १९२३ च्या कायद्यात होते. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण सूत्राचा सांगाडा तोच: महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग, गुणिले वयावर ठरलेला गुणक. पंचवीस वर्षांच्या कामगाराला हा गुणक २१६.९१ आहे. पगार १५,००० धरला तर रक्कम येते १६,२६,८२५ रुपये. मृत्यूच्या बाबतीत 'चूक त्याचीच होती' म्हणून मालकाला यातून सुटता येत नाही. पॉलिसी असेल तर हे पैसे विमा कंपनी भरते. नसेल तर आपण भरणार, असे कायदा म्हणतो. आपला फोन काय म्हणतो ते आम्ही मे महिन्यात ऐकले.

आपल्याला ही पॉलिसी ठाऊकच नाही, असा आरोप करण्याचा उद्धटपणा माझ्या हातून घडणार नाही. जवळच्याच एका मोठ्या हॉटेलचा पूल आपल्याकडे आहे. तिथे कामगार भरपाईच्या पॉलिसीची प्रत आणि सोबत नावांची यादी दाखवल्याशिवाय सिक्युरिटी माणसाला आत सोडत नाही, असे आपल्याच कामगाराने मला सांगितले. म्हणजे पॉलिसी आहे! चार माणसांची आहे. आमच्याकडे येतो तो पाचवा. एकाच धंद्यात कोणाचा जीव विम्यात आणि कोणाचा रामभरोसे, ही निवड आपण कशी करता हे एकदा समजावून सांगावे, चहाला या. ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, मात्र विचारणार नाही. ती दहा माणसांपासून लागू होते आणि निम्म्या बाणेरचे पूल सांभाळूनही आपल्याकडे माणसे कायम नऊच असतात.

पब्लिक लायबिलिटीबद्दल आपण सेक्रेटरींना म्हणालात म्हणे, "साहेब, इतक्या वर्षांत काही झालं नाही, उगाच खर्च कशाला?" तर्क बिनतोड आहे. कायदाही आपल्याच बाजूने आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ साली पब्लिक लायबिलिटी विम्याचा कायदा आला, पण त्याची सक्ती आहे ठरावीक साठ्याच्या वर घातक रसायने हाताळणाऱ्यांना. आपले चार कॅन त्यात बसत नाहीत. कायद्याने आपल्याला मोकळे सोडले आणि आपण त्या मोकळेपणाचा पुरेपूर मान राखलात.

पुलाच्या तळाशी सक्शनची जाळी आहे. तिचे दोन स्क्रू गेले तेव्हा आपण ती बाइंडिंग वायरने बांधून दिलीत, तीही विनामूल्य. अशा ठिकाणी पंप चालू असताना लहान मुलाचे केस किंवा अंग ओढले गेले तर मोठ्या माणसालाही ते सोडवता येत नाही. तसाच सात वर्षांच्या मुलीचा जीव गेला, त्यानंतर अमेरिकेने २००७ साली या जाळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यांना वायर सुचली नाही.

आता हे पत्र वाचून आपण लाजेखातर पॉलिसी घ्यायला निघालातच, तर एक नम्र विनंती. एजंट सर्वांत स्वस्त दाखवील ती उचलू नका. सवय आहे, कळते, तरीही. पब्लिक लायबिलिटीत आपले स्वतःचे कामगार येत नाहीत, त्यांची पॉलिसी वेगळी. वायू सुटण्यासारखे अपघाती प्रदूषण त्यात सहसा वगळलेले असते, ते जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते. दुरुस्तीला म्हणून आपण नेलेली आमची मोटर आपल्या ताब्यात असताना जळाली, तर तीही बहुधा बाहेरच. आणि कृपा करून दुकानाच्या आगीचा विमा आणून देऊ नका. तो गोदामातल्या ब्रशांच्या कामी येईल.

कमिटीचेही आभार मानायला हवेत, त्यांच्या विश्वासाशिवाय हे शक्य नव्हते. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि तुरुंगवासाचा विमा अजून कोणी विकत नाही. अशा तक्रारीत कंत्राटदाराच्या शेजारी चेअरमन-सेक्रेटरींचीही नावे येऊ शकतात. त्यांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही. मी सांगणार होतो, पण फाइलच्या वेळी झाले तेवढे पुरे झाले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक पोहणारा सभासद

ता. क. : हे पत्र इतर सोसायट्यांतही वाचले जाईल, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणातून पाच मिनिटे काढा आणि पूल सांभाळणाऱ्याला एवढेच विचारा: पॉलिसी कोणाच्या नावावर आहे, किती माणसांची आहे, एका अपघाताला किती रकमेची आहे, मुदत कधी संपते आणि अपघाती प्रदूषण त्यात धरले आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका, प्रत मागा. तोवर बिलाच्या चेकवर सही करू नका.