कोरडवाहू माणसाने कोकण कसं पाहावं

समुद्र फक्त मोबाईलवर पाहिलेल्या आणि जंगल म्हणजे बालाघाटातली बाभळी-बोराटी एवढंच ठाऊक असलेल्या केज तालुक्यातल्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. युसूफ वडगावचा पत्ता धरून ती लिहिली आहे. लातूर-धाराशिवकडच्यांनी वापरली तरी हरकत नाही, पाण्याच्या बाबतीत तेही घरचेच.

कधी निघावं. इथेच पहिली गोची होते. आंबोलीचं जंगल पाहायचं तर भर पावसात जायला हवं. पण साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवणची होडी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जात नाही, तारकर्लीचं स्कूबा बंद असतं, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. म्हणजे जंगल उघडं तेव्हा समुद्राला कुलूप. दिवाळीनंतर जावं तर समुद्र खुला, पण धबधबे आटत आलेले आणि अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यावर. सोयाबीनची मळणी उरकून दिवाळीआधीचे चार दिवस गाठता आले तर दोन्ही थोडं थोडं पदरात पडतं. बियाणं-खताची उधारी भागवून काही उरलं तर, हे धरूनच चाला.

गाडी आणि माणसं. क्रूझर ठरवावी. ती दहा-बारा जणांची असते. आपल्याकडे पंधरा जणांची समजतात. सोळावा माणूस ऐनवेळी पिशवी घेऊन येतोच, आणि तो गाडीमालकाचा साडू असल्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

देव परतीला. हा नियम मोडलात की सहल बुडाली. रस्ता कळंब, येरमाळा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा. येरमाळ्याला येडेश्वरी आहे, तुळजापूरला आई आहे, सोलापूर सोडलं की आत्या म्हणणार, पंढरपूर जरासंच आडवाटेला आहे. कोल्हापूरला अंबाबाई, तिथवर गेलोच आहोत तर जोतिबा, आणि मग ड्रायव्हर विचारतो, “आता माघारी फिरायचं का?” कोकणात निघालेल्या आपल्याकडच्या कित्येक गाड्या अशाच कोल्हापूरहून मिसळ खाऊन परत आल्या आहेत. सगळ्या देवांना जाताना गाडीतूनच हात जोडावेत, नवस परतीला फेडावेत.

मिरज आलं की मात्र गाडीतल्या पोरांना स्टेशनाची दिशा दाखवा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते इथून. धरण आपल्या तालुक्यातलं, त्यामुळे ही गोष्ट सांगायचा हक्क आपल्यालाच आहे.

कोल्हापूरच्या पुढचा, गडहिंग्लज-आजरा-चंदगडचा मुलूख आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे, तो उसाच्या फडामुळे. कुठल्या कारखान्याचा काटा कसा, कुठला मुकादम उचल किती देतो, ते त्यांना विचारा. आंबोली घाट तिथून तास-दीड तासावर. पण दरवर्षी पाच महिने तिथे राहून घाट न उतरलेली माणसं गावात ढिगाने सापडतील. फडावर सुट्टी घेतली तर खाडा पडतो. तेव्हा गाडीत एखादं ऊसतोड जोडपं आवर्जून घ्या. वाटाड्याचं कामही होईल आणि या वाटेने एकदा त्यांना कोयत्याशिवाय जाता येईल.

पाऊस पाहण्याची रीत. बीड जिल्ह्यात वर्षाला ६५०-७०० मिलिमीटर पाऊस धरतात, तोही मनात आला तर. आंबोलीत ७,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपली दहा वर्षं तिथे एका पावसाळ्यात उरकतात. त्यामुळे नवशिक्याला पहिल्या धबधब्यापाशी जो झटका बसतो, त्याची तयारी घरूनच करावी. लक्षणं ठरलेली आहेत. माणूस कठड्याला धरून उभा राहतो, फोटो काढायचं विसरतो, आणि थोड्या वेळाने शेजारच्याला हळूच विचारतो, “किती इंची असंल रं?” सहाशे फूट बोअर घेऊन दीड इंची पाणी लागलं तर पेढे वाटणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, त्याला हसू नये. दुसरा साडेसातची मोटार लावून बघतो, तिसरा पाइपलाइनचा खर्च काढतो, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघतं की हे सगळं वाया चाललंय. इथे थांबवा. यातलं बरंच पाणी डोंगरउतारावरून आणि जांभ्या दगडातून काही तासांत समुद्र गाठतं, आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्याही टँकरची वाट पाहतात. विश्वास बसणार नाही. आमच्याकडे अजून कुणाचा बसलेला नाही.

आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे. घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला पडलेलं पाणी अरबी समुद्रात जातं. हिरण्यकेशीचं मात्र उलट्या दिशेला घटप्रभेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. आपली मांजराही गोदावरीला धरून तिकडेच जाते. या उगमाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, २०२० साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटाएवढा मासा. त्याला पकडून बाटलीत घालण्याचा मोह आवरा.

जळवा. पावसाळ्यात जंगलात शिरलात तर त्या चढणारच. चावलेलं कळत नाही; मोजा काढल्यावर रक्त दिसतं. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून वाहत राहतं, घाबरू नका. ओढून काढू नका. इथे आपल्या माणसाचं पारडं जड आहे. चिमूटभर मीठ नाहीतर चुना लावला की जळू सुटते, आणि चुन्याची डबी आपल्या खिशात देवाच्या अंगाऱ्यासारखी कायम असते. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावूनही लोक फिरतात. बायकोने आजवर ज्या पुडीवरून उद्धार केला, तीच पुडी तिने मागून घेतल्याचा प्रसंग याच जंगलात येऊ शकतो.

कपडे दुप्पट न्या. आपल्याकडे धुतलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं. तिथे चौथ्या दिवशीही ओलं राहून वास मारतं.

जेवण. ज्वारीची भाकरी मिळणार नाही. धपाटे न्या, पण दमट हवेत ते लवकर बुरसतात. शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत टिकते. मासे खाणाऱ्यांनी बांगडा मागवावा आणि पहिला घास मटणासारखा घेऊ नये. मधला काटा सोडवून, कडेचे बारीक काटे बोटांनी चाचपून, भाताबरोबर सावकाश खावा. घशात काटा गेला तर खानावळीचा मालक न सांगता सुका भात आणून देतो. माळकऱ्यांनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मागावेत, तेही फर्मास असतात. जेवताना बागायतीचा एकरी भाव मात्र कुणाला विचारू नका. तिथे हिशेब गुंठ्याने चालतो, आणि सातबाऱ्यावर भावकीची नावं पानभर.

समुद्र. भरती-ओहोटी कळायला पंचांग पुरतं. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, पाणी वर चढतं आणि लांब मागे हटतं. एकादशी धरणाऱ्या आजीला हे गणित तुमच्याआधी जमेल.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. विहिरीत सूर मारणारी आपली पोरं समुद्रात पट्टीची ठरत नाहीत. विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. इथे परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि माणसाला आत खेचते. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. स्थानिक कोळी नको म्हणाला तर वाद घालू नका. गुडघ्याच्या वर पाणी नको.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला मिळालं तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी पाहा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तिथे चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. आपल्या माणसाने या विहिरींत डोकावून पाहिल्याशिवाय होडीत परत बसू नये.

परतफेड. कोकणातली कितीतरी घराणी कुलदेवीच्या दर्शनाला आपल्या अंबाजोगाईला येतात. योगेश्वरी मूळची कोकणातली नवरी, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड हत्तीखान्यात दगड होऊन बसलं, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. तेव्हा तिकडे ज्यांच्या घरी उतराल, त्यांना वडगावचं आमंत्रण देऊन या. हुरड्याला बोलवा. मे महिन्यात मात्र बोलावू नका.