भाऊजींची मूळ प्रत

प्रत्येक घराण्यात पत्रिका जुळवणारा एक असतो, वाढप्यांवर ओरडणारा एक असतो आणि हल्ली फोटो सांभाळणारा एक असतो. आमच्याकडे हे खातं भाऊजींचं. भर पंगतीत कुणी बापडा म्हणतो, "तो अंतरपाटाचा फोटो टाका की व्हॉट्सअ‍ॅपवर." भाऊजींच्या हातातली जिलेबी हातातच राहते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवीन. फोटो म्हणून पाठवला की रस तिथेच राहतो, तुम्हाला चोथा पोचतो."

जेपेगशी त्यांचं १९९२ पासूनचं, म्हणजे त्याच्या जन्मापासूनचं वैर. "आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला कळणार नाही ते गाळतं. नुसती कॉपी कर, काही बिघडत नाही. पण उघडलास, कापलास, पुन्हा सेव्ह केलास, की पुन्हा गाळणी!" स्वतः ते रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या रूपात, काढतात. चौदा बिट. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, इथे १६,३८४. ताईच्या शालूत एवढ्या छटा विणकरानेही घातल्या नसतील.

पण रॉवरही त्यांचा विश्वास नाही. "प्रत्येक कंपनीची रॉ म्हणजे खासगी मोडी. वाचणारा गेला की उरतो कागद." म्हणून तिची जगजाहीर लिपीतली डीएनजी करायची, आणि रंग सुधारून झाले की टिफ. २४ मेगापिक्सेलचा सोळा बिटी टिफ १४४ एमबीचा; पाच फोटोंत एक सीडी भरायची. भाचीच्या बारशाचे रंग अजून सुधारणं चालू आहे. भाची पहिलीत गेली.

नियम तीन-दोन-एकचा: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. ती घराबाहेरची हार्ड डिस्क आमच्या कपाटात, बायकोच्या पैठणीखाली असते. दर संकष्टीला भाऊजी येतात, चेकसम जुळवतात, जाता जाता माझ्या फोनमधलंही सगळं उतरवून घेतात आणि चंद्रोदयाआधी निघतात. मला हा सगळा प्रकार, खरं सांगायचं तर, थोडा वेडेपणाचाच वाटायचा.

यंदा पावसाळ्यात माझा फोन बादलीत पडला. लेकीची चार वर्षं त्यात. ती सगळी माझ्याच कपाटात सुखरूप होती, पण पासवर्ड भाऊजींकडे. डिस्क घेऊन धावत गेलो. त्यांनी ती टॉवेलवर ठेवली, लॅपटॉप उघडला, आणि डॉक्टर विचारतात तसं हळू विचारलं, "तुझे एचईआयसी आहेत. मूळ देऊ, की टिफ करून?"

मी घाईत होतो. म्हटलं, "जेपेगच करा हो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका."

भाऊजींनी लॅपटॉप मिटला.

आतून ताईचा आवाज आला, "तू आता जेवूनच जा रे. भात वाढवते."