कृष्णाकाठचं गंगाजल

बिहार कुठे आहे असं वाईत विचारलं, तर एखादा मेणवलीच्या रस्त्याकडे बोट दाखवेल. त्यात त्याची काही चूक नाही. ढोल्या गणपतीच्या या मुलखाला सिनेमावाल्यांनी कधी ‘स्वदेस’चं चरणपूर केलं, कधी ‘दबंग’चं लालगंज. पण प्रकाश झा यांनी 2003 सालच्या ‘गंगाजल’साठी इथे तेजपूर जिल्हा वसवला, तेव्हा अख्खं जंगलराजच साताऱ्याच्या एसटीने येऊन उतरलं. त्यातला गुंडांचा महामेरू साधू यादव कोण? तर आपले मोहन जोशी! हेच नाव लालूप्रसादांच्या मेहुण्याचंही निघालं आणि बिहारात निदर्शनं झाली. नदी कृष्णा, खलनायक मराठी, पोटशूळ मात्र पाटण्याला.

सिनेमातले पोलीस ताब्यातल्या गुंडांचे डोळे फोडून त्यात अ‍ॅसिड ओततात. त्या अ‍ॅसिडचं लाडकं नाव गंगाजल. हे झा यांच्या डोक्यातून आलेलं नाही. भागलपुरात 1979-80 मध्ये तीसहून जास्त जणांना पोलिसांनी असंच आंधळं केलं होतं, आणि गावकऱ्यांनी पोलिसांच्याच बाजूने मोर्चे काढले होते.

झांचा पेच इथेच आहे. त्यांचा एस.पी. अमित कुमार, म्हणजे अजय देवगण, कायद्यावर तळमळून बोलतो, तेव्हा थेटरातली पब्लिक शेंगदाण्याची पुडी सोडते. किंकाळी आली की शिट्टी मारते. शेवटी तर दिग्दर्शकाने कमालच केली. साधू यादव आणि त्याचा मुलगा झटापटीत लाकडी नांगरांच्या फाळांवर पडून मरतात. नायकाच्या हाताला रक्त नाही, घटनेला ओरखडा नाही, आणि प्रेक्षकाचे पैसेही वसूल. एवढी नांगरट बैलांशिवाय दुसऱ्या कुणाला जमलेली नाही. सरकारने सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही दिला. चित्रपट चांगला आहे, हीच त्यातली अडचण.

कृष्णामाई वाईहून निघते ती सांगली गाठते. हे शहर रंगलेल्या हिंसेला बिचकणारं नव्हे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकणारे राक्षस त्याच्या ओळखीचे. पडदा पडला की राक्षस मिशा काढून चहा पितो, हेही त्याला ठाऊक.

नोव्हेंबर 2017 मध्ये मात्र पडदा नव्हता. सांगलीच्या पोलीस ठाण्यात लूटमारीच्या गुन्ह्यातला एक तरुण मारहाणीत मेला. पोलिसांनी मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि आरोपी पळाला अशी आवई उठवली. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, शहर रस्त्यावर आलं. शिट्टी कुणी मारली नाही.

‘गंगाजल’ अजूनही टीव्हीवर लागतो. अ‍ॅसिडचा प्रसंग आला की सांगलीचा गृहस्थ भाकरी चावता चावता आवाज कमी करतो. आतल्या खोलीत पोरगं अभ्यासाला बसलेलं असतं. पोलीस भरतीच्या.