ट्री-गार्ड साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. ट्री-गार्ड (लोखंडी),
मुक्काम पोस्ट फुटपाथ,
महाराष्ट्रातलं कोणतंही शहर.

विषय : वृक्षसंवर्धनातील आपल्या भरीव योगदानाबद्दल अभिनंदन व सेवानिवृत्तीबाबत विनंती.

महोदय,

स.न.वि.वि.

‘लोकसहभागातून हरित शहर’ या योजनेत नेमका सहभाग कोणाचा, असा प्रश्न परवा चौकात निघाला. रोप पालिकेच्या रोपवाटिकेतलं, खड्डा कंत्राटदाराचा, श्रीफळ मंडळाचं आणि फोटो सगळ्यांचा. पाच जूनला ही मंडळी आली, अर्ध्या तासात पांगली. जागेवर उरलात ते फक्त तुम्ही. रोप जगत होतं तेव्हा तुम्ही होतात आणि ते वाळलं तेव्हाही होतात. इतका निष्ठावंत कार्यकर्ता आजच्या राजकारणात कुणी दाखवून द्यावा!

आपल्या छातीवरची पाटी वाचली. ‘सौजन्य’ ठळक, त्याखालचं नाव त्याहून ठळक, शेजारी हात जोडलेला फोटो. आत काय लावलंय, याचा मात्र पत्ता नाही. म्हणून डोकावून पाहिलं. गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, काच फुटलेली देवाची तसबीर आणि मधोमध एक काडी. काडी ताम्हणाची आहे म्हणतात. ताम्हणाचं फूल हे महाराष्ट्राचं राज्यफूल. तेव्हा निदान राजशिष्टाचार म्हणून कुणी उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालेल, अशी तिची अपेक्षा असावी. समोर रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात. त्या पाण्याचा ओघळ थेट आपल्या पायांशी येतो. पण आळंच ठेवलेलं नाही, पेव्हर ब्लॉक काडीला भिडवलेत, त्यामुळे पाणी वळसा घालून शिस्तीत गटारात जातं. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर! आपल्याकडे तेवढ्यात वडापावची गाडी लागते.

काही रोपं मात्र हट्टी असतात. कुणी पाणी घातलं नाही तरी जगतात आणि आपली खरी सेवा तिथून सुरू होते. पुढच्या कोपऱ्यावर आपले थोरले बंधू उभे आहेत. त्यांच्यातल्या करंजाचं खोड आता मांडीएवढं झालंय. जाळीच्या दोन कड्या सालीत रुतून दिसेनाशा झाल्यात. कडीच्या वर खोड फुगलंय, कडीपाशी आवळलंय. पानांनी तयार केलेलं अन्न सालीलगतच्या थरातून मुळांकडे उतरतं आणि नेमकी तिथेच बंधूंनी मिठी मारलीय. वरून झाड हिरवंगार, खाली मुळं उपाशी. मग एखाद्या पावसाळी दुपारी ते रिक्षावर आडवं होतं आणि बातमी येते, ‘धोकादायक झाड कोसळले’. धोका आधी झाडालाच होता, हे छापायला जागा पुरत नसावी.

या कामी आपल्याला साथ देणारेही थोडे नाहीत. क्लासच्या पाट्यांचे खिळे, केबलची वेटोळी, गेल्या दिवाळीच्या रोषणाईच्या तारा. शहरांतली झाडं वाचवायला महाराष्ट्रात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं तो झाड तोडण्यातच धरतो. पण तो कुणाच्या वाचनात आलेला दिसत नाही, कारण तो कुठल्याच झाडावर खिळ्यानं ठोकलेला नाही.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. हेतू उत्तम. पण रोपं लावून विसरण्याची आपली सवय तीच राहिली, तर चाळीस वर्षांचं एक झाड गेलं की चाळीस रोपं, चाळीस जाळ्या, चाळीस पाट्या. आपल्या घराण्याची भरभराट पक्की समजा.

तरी सावध राहा. पुण्यात काही वर्षांपूर्वी तरुण मंडळी पक्कड घेऊन रस्त्यावर उतरली आणि झाडांचे खिळे उपटू लागली. ही खिळेमुक्तीची मोहीम पुढे इतर शहरांतही गेली. असे लोक वाढले तर पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी मिळेल, ब्लॉक हलवून आळं होईल आणि खोड जाळीला टेकायच्या आत तुम्हाला काढून दुसऱ्या रोपाकडे पाठवलं जाईल. छाटणी, कीड, रुतलेली जाळी कापणं ही कामं पालिकेची आणि ती तिनंच करायची. पण खोड आवळलं जातंय, हे आधी दिसतं ते रोज त्याच वाटेनं दूध आणायला जाणाऱ्याला. त्यानं पाहायचं आणि पालिकेनं हलायचं, लोकसहभाग तो एवढाच. त्यात फीत कापायला काही नसतं आणि पाटी लावायलाही जागा नसते. म्हणूनच त्याला प्रायोजक मिळत नाही.

तेव्हा विनंती की आपण आता निवृत्त व्हावं. निरोप समारंभ थाटात करू. हार घालू, भाषणं ठेवू, हवी तर ती पाटी आपल्याबरोबर सन्मानानं घरी पाठवू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पादचारी

प्रत, माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी :
१. उद्यान विभाग : जाळी कापायच्या यंत्रासह एक माणूस पाठवावा. पाहुणे नकोत.
२. या रस्त्यावरचे रहिवासी : आपापल्या दारासमोरचं एक झाड निवडा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घाला, भाजी-तांदूळ धुतलेलं चालेल. जाळी खोडाला टेकली असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.