ज्यांनी मुलाच्या नावापुढची खूण काढली, त्यांना

श्री. बाबा यांस,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. मुलाचं, हॉस्पिटलचं, तुमच्या कंपनीचंही नाही. तरी पत्र कोणाला आहे हे तुम्हाला लगेच कळेल. सप्टेंबरमधल्या त्या पावसाच्या रात्री पावणेदोनला तुम्हाला फोन करणारी ती बाई मीच. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेमच्या खिडकीवर मी अकरा वर्षं बसते. कार्ड घ्यायचं, नंबर टाकायचा, विमा कंपनीकडे मंजुरीला पाठवायचं, हे माझं काम. त्या रात्री तुमच्या मुलाचा नंबर टाकला आणि संगणकाने सांगितलं, असा सदस्यच नाही.

वाटलं, माझाच आकडा चुकला. पुन्हा टाकला. मग त्याच्या आईकडून मोबाइल घेतला, कार्डाचा फोटो मोठा करून एकेक आकडा वाचला. सगळं बरोबर होतं, फक्त कार्ड मागच्या वर्षीचं होतं. मंजुरीचं उत्तर तासाभरात द्यायचं असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. तुमच्या मुलाला नाही म्हणायला चार मिनिटं पुरली.

तो सात वर्षांचा मुलगा तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर खाटेवर बसला होता. नेब्युलायझरचा मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा होता, इलॅस्टिक सैल पडत होतं, म्हणून त्याने तो स्वतःच हाताने नाकावर दाबून धरला होता. कोणी शिकवायची गरज पडली नाही. दम्याच्या मुलांना हे सगळं येतं. दोन श्वासांच्या मध्ये मास्क जरा बाजूला करून त्याने आईला विचारलं, "बाबांचं कार्ड चाललं नाही का?"

मूळ सभासद तुम्ही, म्हणून मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "कस्टडी तिच्याकडे आहे ना? मग खर्चही तिलाच विचारा." आणि ठेवलात. मुलाला काय झालंय, हे विचारलं नाहीत.

नंतर सगळं उलगडलं. एप्रिलमध्ये तुमच्या कंपनीच्या पोर्टलवर नूतनीकरणाची मुदत होती. कुटुंबाच्या यादीत मुलाच्या नावापुढची खूण तुम्ही काढलीत आणि कोणालाही सांगितलं नाहीत. यात तुमचे किती वाचले? हप्ता कंपनी भरत होती. तुमच्या पगारातून त्याच्यासाठी एक रुपया कापला जात नव्हता. म्हणजे वाचले शून्य. पैशासाठी हे केलं असतंत तर निदान तुमची ओढाताण मला समजली असती. तुम्ही ते बायकोला हिसका द्यायला केलंत आणि हिसका बसला मुलाला.

आणि तो एका रात्रीपुरता नाही. कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. आता आईने बाहेरून नवी पॉलिसी घेतली तर सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून कशालाच संरक्षण नाही, आणि दमा आधीपासूनचा म्हणून त्यासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. सात वर्षांचा मुलगा दहाचा होईल. तुम्ही आधी एक फोन केला असता, 'यंदा नाव काढतोय, तू तुझं बघ' एवढंच म्हणाला असतात, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्याला हलवायचा अर्ज तरी तिला वेळेत करता आला असता. झालेली वर्षं जमेस धरली जाण्याची संधी होती. ती तुम्ही गप्प बसून घालवलीत. बरं, आज तुम्हाला पश्चात्ताप झाला तरी वर्षाच्या मध्ये बहुतेक ग्रुप पॉलिसींत नवी बायको घेतात, नवजात बाळ घेतात. काढून टाकलेला मुलगा पुढच्या नूतनीकरणाशिवाय घेत नाहीत.

मागच्या वर्षीचंही लिहिते, कारण ते मी विसरलेले नाही. न्यूमोनियाने तो पाच दिवस दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होता. तिथे कॅशलेस नव्हतं, आईने पैसे भरले आणि मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं तुमच्याकडे पाठवलं. क्लेम मंजूर झाला. पैसे नियमाप्रमाणे मूळ सभासदाच्या खात्यात, म्हणजे तुमच्या पगाराच्या खात्यात आले. ते तुम्ही ठेवून घेतलेत आणि पुढच्या दोन महिन्यांच्या पोटगीत वळते केल्याचं तिला कळवलंत. हे तिने मला रडून सांगितलं नाही. निळ्या फाइलमधून बँकेचा उतारा काढून दाखवला.

खरं आहे, आयाही अडवतात. डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत देत नाहीत आणि बापाचा रास्त क्लेम बाद होतो. तेही माझ्या खिडकीवर आलेलं आहे, आणि तेव्हा मी त्या आयांना तोंडावर बोलले आहे. आज पाळी तुमची आहे.

"कस्टडी तिच्याकडे, खर्च तिचा" हे वाक्य तुम्हाला कोणी शिकवलं माहीत नाही. कायद्यात ते नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्यातल्या निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण यांच्याबरोबर वैद्यकीय उपचार हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि मुलांचं पोषण आई-बाप दोघांवर टाकलेलं आहे. मूल कोणाच्या घरी झोपतं यावर ते अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची, असं त्यात ठरलं. त्या प्रतिज्ञापत्रावर सही करताना मुलाचं नाव पॉलिसीतून काढल्याचंही लिहा. न्यायाधीशांना वाचू दे.

घटस्फोट झाला की बायको पॉलिसीतून जाते. मुलगा जात नाही, तो तुमच्यावर अवलंबून असलेलं अपत्यच राहतो. शिवाय एकाच मुलाचं नाव आई आणि बाप दोघांच्या पॉलिसीत असायला कसलीही आडकाठी नाही. एकीची रक्कम संपली की उरलेलं बिल दुसरीकडे लावता येतं. तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड न बघता हे करू शकला असता.

आता शिवाजीनगरच्या कोर्टात तुमच्या घटस्फोटाच्या संमतीच्या अटी लिहिल्या जातील. 'मुलाच्या आरोग्याचा खर्च वडील करतील' असं एक ओळीचं मोघम वाक्य घालून सुटू नका. अशी वाक्यं माझ्या खिडकीवर रात्री दोन वाजता काही कामाची नसतात. पॉलिसी कोण चालू ठेवणार, नूतनीकरण झाल्यावर नवं कार्ड आईला किती दिवसांत देणार, नाव काढायचं झालं तर किती आधी लेखी कळवणार, क्लेमचे पैसे आले की ज्याने बिल भरलं त्याला किती दिवसांत परत करणार, आणि पॉलिसीत न बसणारे पंप, स्पेसर, तपासण्या कोणी भरायच्या, हे सगळं लिहून घ्या. तुमच्या वकिलांना अर्धा तास लागेल.

त्या रात्री अनामत म्हणून चाळीस हजार मागितले होते. आईने गूगल पेवरून तीन हप्त्यांत भरले. मधला हप्ता चिंचवडच्या भावाला झोपेतून उठवून मागवला. पहाटे साडेचारला मुलाचा श्वास खाली बसला आणि तो मास्क हातात धरूनच झोपला.

मागच्या क्लेमचे पैसे या आठवड्यात तिच्या खात्यात टाका. एप्रिलपर्यंत थांबू नका. आईच्या नावाने मुलासह वैयक्तिक पॉलिसी आजच घ्यायला लावा आणि हप्ता तुम्ही भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. प्रतीक्षेचे महिने जेवढे लवकर सुरू होतील तेवढे लवकर संपतील. आणि एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं की त्याच्या नावापुढे खूण करा, नवं कार्ड आलं की तिला पाठवा. जुन्याचा फोटो तिने अजून मोबाइलमधून पुसलेला नाही.