मिलिमीटरवाला

बेळगाव भागात कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशाकाम, शिकणारा मुलगा ओळखायला त्याच्यापुढे कॉम्प्युटर असावा लागत नाही. तो मिलिमीटरमध्ये बोलतो. टपरीवर 'चहा जरा वाढव' म्हणायचे सोडून 'पाच मिलिमीटर वाढव' म्हणतो. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला 'दोनशे मिलिमीटर सरका' अशी विनंती करतो. निपाणी किती लांब, असे कुणी विचारलेच तर शांतपणे सांगतो, 'साडेसात कोटी.' हिशेब साधारण बरोबर असतो, आणि लोकांना राग त्याचाच येतो.

हा मुलगा दहावीनंतर घडतो. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, नाहीतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि वर एखाद्या खासगी क्लासचे काही महिने, अशी त्याची चढती भाजणी. येळ्ळूर-कडोलीकडचा असला तर घरी शेती असते. निपाणीकडचा असला तर वडील तंबाखूच्या वखारीत असतात, आई विड्या वळते आणि तो लाल बसच्या खिडकीशी पास सांभाळत बसतो. सगळ्यांचे डोळे उद्यमबागेकडे लागलेले. तिथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांना नकाशा लागतो, आणि नकाशाला माणूस.

क्लासच्या पहिल्या महिन्यात त्याला कमांड चढतात. एल म्हणजे रेघ, सी म्हणजे वर्तुळ, टीआर दाबले की जादा टोक छाटले जाते. एफ8 दाबले की रेघ आडवी किंवा उभीच जाते, तिरकी जात नाही. या काळात तो मैदानही तिरके ओलांडत नाही. दुसऱ्या महिन्यात अपघात होतो. फाइल उघडताना तो मिलिमीटरऐवजी इंचाची उघडतो, आणि 200 मिलिमीटरचे झाकण 25.4 पटीने वाढून पाच मीटरचे होते. सर काही बोलत नाहीत, फक्त हे झाकण कोणत्या दारातून बाहेर काढणार एवढे विचारतात. तेव्हापासून इंच हा शब्द त्याच्या घरात वर्ज्य होतो. 43 इंची टीव्हीला तो 1092 मिलिमीटरचा टीव्ही म्हणतो. पाहुणे मान डोलावतात आणि चॅनेल बदलतात.

आपली विद्या जगात नवीच आली, अशी त्याची समजूत असते. वास्तविक ऑटोकॅड हे त्याचे सॉफ्टवेअर डिसेंबर 1982 मध्ये बाजारात आले, म्हणजे ते त्याच्या वडिलांच्या पिढीचे. इव्हान सदरलंड यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ काढून दाखवली ती त्याहून आधी, 1963 मध्ये. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि अमोनिया प्रिंटचा वास यांवरच कारखाने चालले. हे सांगणारे एक निवृत्त काका प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना पाहून तो एफ8च्या शिस्तीत काटकोनात वळतो.

त्याचा माज उतरतो तो पॅटर्न शॉपमध्ये. तिथे ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीची पट्टी तो आपल्या टेपला लावून बघतो आणि जाहीर करतो, 'मामा, तुमची पट्टी चुकीची हाय. तीनशेला तीन मिलिमीटर जास्ती हाय.' मिस्त्री रंधा थांबवत नाही. पट्टी मुद्दामच लांब केलेली असते. ओतलेले बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसते, म्हणून 300चा तुकडा हवा असेल तर पॅटर्न 303चा करावा लागतो. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ थंड होत नाही, त्यामुळे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. त्या दिवशी तो पहिल्यांदा जेवताना कशाचेही माप सांगत नाही. घरचे कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात.

नोकरीतले पहिले काम बहुधा टायटल ब्लॉकचे असते. जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात 'बेलगाम' असते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. शोधा आणि बदला, ही कमांड शेकडो नकाशे दुपारच्या चहाआधी उरकते. सीमाप्रश्नावर अशी कमांड 1956 पासून कुणाला सापडलेली नाही. घरी गेल्यावर तो बेळगावच म्हणतो.

तरी या मुलाच्या बाजूनेही एक पुरावा आहे. पहिल्या पगारात तो आईसाठी स्वयंपाकघरात मांडणी करून घेतो. त्याआधी आठवडाभर भिंत मोजतो, कोपरा काटकोनात नाही म्हणून घर बांधणाऱ्या आजोबांना नावे ठेवतो, आणि सुताराच्या हातात तीन बाजूंनी काढलेला नकाशा देतो. त्या नकाशात वरच्या फळीची उंची 1720 असते. हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. टाचा न उचलता आईचा हात जिथवर पोचतो, तिथवरचे ते माप. ते त्याने तिला न सांगता, डबा काढताना घेतलेले असते.

आकड्यापुढे मिमी मात्र लिहिलेले नसते. यांत्रिक नकाशात ते लिहीत नाहीत. सगळ्या मापांचे एकक एकच असले की प्रत्येक आकड्यापुढे ते लिहायचे नाही, हा तिथला नियम. कागदावर जे आकड्यापुढे लिहायचे नाही ते दिवसभर तोंडाने म्हणत राहायचे, हा याचा शिकाऊपणा. काम अंगात मुरले की हा शिकाऊपणा आपोआप जातो.

तोवर बहुतेकांना पुण्याकडची नोकरी लागलेली असते. आई फोनवर विचारते, 'किती लांब रे ते?' 340 किलोमीटर, म्हणजे चौतीस कोटी. पूर्वी त्याने ते पटकन सांगितले असते. आता तो 'लांब हाय गं' एवढेच म्हणतो. एकक सांगत नाही. ते दोघांनाही ठाऊक असते.